मळभ, पत्रा आणि जुलैचा हप्ता : मालवण किनाऱ्यावरच्या एका पावसाळी उदासीचं प्रकरण

वय 52. राहणार मालवण तालुक्यातली समुद्राकाठची एक वाडी. घरात नवरा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. नवऱ्याची आणि मुलाची एका यांत्रिक होडीत भागी. बाई स्वतः लग्न झाल्यापासून मासे विकतात: किनाऱ्यावर लिलावात माल घ्यायचा, पाटी भरायची, बाजारात जाऊन बसायचं. जुलै 2024 मध्ये, आषाढी झाल्यावर, सून त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात आली. तक्रारही सुनेनेच सांगितली. "आये दिवसभर निजानच असता. पावस इलो काय दरवर्षी हिचा असाच."

मी त्या केंद्राशी जोडलेली समुपदेशक. बाईंना मी काकी म्हणते, इथेही तेच म्हणेन. हे लिहायला त्यांची हरकत नाही, मात्र ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण एवढंच की आपल्या किनाऱ्यावर हा आजार आजार म्हणून मोजलाच जात नाही. सुनेबरोबर आलेल्या शेजारणीने माझ्यासमोर सांगितलं, "पावसात सगळ्यांचाच असा. चवथीक बरी होतली." चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. ती प्रेमानेच बोलली. पण काकींची चार वर्षं याच वाक्याने खाल्ली.

काकी बोलायला तयार नव्हत्या. बाजारात गिऱ्हाइकाला शब्दाने गार करणारी बाई खुर्चीच्या टोकावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हातपाय जड झालेत. भाकरी थापूक बसलंय तर उठाचा वाटना नाय." झोप? रात्री आठला पडतात, सकाळी नऊ वाजले तरी उठवत नाही, दुपारी परत आडव्या होतात, आणि एवढं करून थकवा तसाच. भूक? कमी होण्याऐवजी वाढलेली. भात, बिस्किटं आणि चहाबरोबर बटर. आंघोळ एक दिवसाआड. नातवाची शाळेची पिशवी भरायचं काम वर्षभर त्यांचं असतं, ते जूनपासून सुटलं होतं.

मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं, ही भीती घरच्यांना असते. तसं होत नाही, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. काकी म्हणाल्या, "मरूचा नाय गो. पण सकाळी जाग इली नाय तरी चलात." सून रडायला लागली. तिने हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पट्टी असते, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. काकींचे 17 आले. 15 ते 19 म्हणजे मध्यमाच्या वरचं, उपचार लागणारं नैराश्य. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं.

ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं शास्त्र घडलं ते उत्तरेकडच्या देशांत, आणि तिथे तो हिवाळ्याचा आजार आहे. नॉर्मन रोझेन्थल हे मनोविकारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेले आणि तिथल्या हिवाळ्यात स्वतःचीच उमेद मंदावल्याचं त्यांच्या लक्षात आलं. 1984 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या विकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात उतरणारं नैराश्य. त्यात झोप वाढते, गोडाधोडाची आणि पिठूळ पदार्थांची ओढ वाढते, वजन वाढतं, हातापायांना शिसं बांधल्यासारखं होतं. कारण म्हणून पहिला संशय प्रकाशावर, कारण तिकडे हिवाळ्यातला दिवस फारच आखूड. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. उपायही प्रकाशाचाच: सकाळी उठल्यावर 10,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) तीव्रतेच्या दिव्यासमोर अर्धा तास बसायचं.

आपल्याकडे हे सगळं पंचांग उलटं आहे. मालवणात डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांच्या वर असतो, आणि तोही लख्ख. थंडी म्हणजे आंब्याला मोहोर, दशावतार, जत्रा, मासळीची चलती. काकी डिसेंबरात उत्तम असतात. दिवस सगळ्यात मोठा जूनमध्ये, सुमारे 13 तासांचा, आणि नेमका तोच दिसत नाही. वर्षाचा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. जुलैत सलग आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

काकींची लक्षणं मात्र पुस्तकातल्या हिवाळी उदासीशी ओळीओळीने जुळत होती. मला ते महत्त्वाचं वाटलं. नुसत्या पैशाच्या काळजीने सहसा झोप उडते, भूक मरते. इथे दोन्ही वाढलेलं होतं. हा काही पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं याची दिशा नक्की होती.

आणि इथेच पुस्तक अडवतं. मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ऋतुमानी नैराश्याच्या व्याख्येला एक अट आहे: त्या ऋतूत ठरून येणारं बाहेरचं कारण उघड असेल, उदाहरणार्थ दर हिवाळ्यात काम सुटत असेल, तर ते ऋतुमानी धरायचं नाही. आता मच्छीमाराच्या घरात ही अट लावून बघा. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, 61 दिवस. समुद्र खवळलेला, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागत नाही, होड्या ओढून माडाच्या झापांखाली. मासळी नाही म्हणजे लिलाव नाही, लिलाव नाही म्हणजे बाजार नाही. जो ढग उजेड घालवतो तोच समुद्रही बंद करतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या कशा?

काकींना महिने आठवत नव्हते, सण आठवत होते. म्हणून सणांवरून विचारत गेले. वटपौर्णिमेला वडाकडे गेलात का? नागपंचमीला पातोळे कोणी केले? नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर होतात का? गेल्या तीन वर्षांची उत्तरं नाही, सुनेने, नाही. चवथीला मात्र गणपतीवरची माटवी बांधायला पुढे, फुगडीत पुढे. मग त्यांच्या घरी गेले तेव्हा एक गोष्ट हाती लागली. माजघराच्या खांबाला एका खिळ्यावर गेल्या सहा-सात वर्षांची कालनिर्णयं एकावर एक अडकवलेली होती. काकी त्यावर पेनाने सगळं लिहितात: गॅस कधी आला, कोणाकडे किती उधारी, किती पाट्या गेल्या. मी आणि सून जमिनीवर बसून ती एकेक करून उलगडली. 2021 पासून पुढे प्रत्येक वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर चौकोन कोरे. जुलै संपूर्ण कोरा. चवथीच्या आसपास परत अक्षर सुरू. पण 2018, 2019, 2020 च्या जुलैत लिहिलेलं होतं. "कुर्ल्या 2 वाटे." "सुकी सुंगटां, कुडाळ." "टायकळो." अक्षर बारीक, घाईचं, भरपूर.

म्हणजे पावसाळा तोच, मासेमारी बंदी तीच, आणि 2021 च्या आधी ही बाई जुलैतही उभी होती. मग 2021 मध्ये काय झालं?

तौक्ते. मे 2021 च्या मध्याला ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. काकींच्या घरावर माड पडला आणि पुढच्या अंगाची कौलं फुटली. पावसाळा तोंडावर होता, कौलं बसवायला माणसं मिळत नव्हती, म्हणून घाईने पत्रा घातला. जुन्या छपरात माजघरावर आणि चुलीच्या वर काचेची कौलं होती, ती गेली. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला झड आत येऊ नये म्हणून पूर्वी चुडताची झापं बांधत. त्यांच्या फटींतून उजेड झिरपायचा. आता तिथे जाड निळी ताडपत्री, मेच्या शेवटापासून दसऱ्यापर्यंत. मी गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि माजघरात मला त्या पेनाच्या नोंदी वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागली. वर पत्र्यावर पावसाचा असा आवाज की सुनेशी बोलायला ओरडावं लागत होतं. रात्रीही तोच आवाज. काकी रात्री तेरा तास अंथरुणात असतात, पण सलग झोपतात किती, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच सुचतो.

त्याच वर्षी होडीच्या दुरुस्तीसाठी आणि पत्र्यासाठी कर्ज काढलं. बचत गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला, जून-जुलैलाही. आणि त्याच वर्षअखेरीस मुलगी लग्न होऊन वसईला गेली. पावसाळ्यात कुर्ल्या घेऊन वाडीवाडीत फिरणारी जोडी होती या मायलेकींची.

छप्पर, कर्ज आणि मुलगी, तिन्ही एका वर्षात. उजेडाने झालं की हप्त्याने की एकटेपणाने, हे काकींच्या बाबतीत कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि मला वाटतं त्यावर वेळ घालवण्यातही अर्थ नाही. कामाची गोष्ट ही होती की "पावसात असाच होता" या वाक्याच्या मागे तीन-चार वेगवेगळ्या वस्तू होत्या, त्यांना तारखा होत्या, आणि पाऊस कोणाच्या हातात नसला तरी त्या वस्तू हलवता येण्यासारख्या होत्या.

आधी शरीर तपासलं. हे पहिलं करायलाच हवं, कारण थायरॉइड कमी पडला किंवा अंगात रक्त कमी असलं तरी माणूस असाच जड आणि झोपाळू होतो. काकींचा थायरॉइड ठीक निघाला. हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नीट विचारून घेतली: आयुष्यात कधी याच्या उलट, अति उत्साहाचा, झोपेविना चालणारा, हात सैल सोडून खर्च करण्याचा काळ आला होता का? आला असता तर नैराश्याच्या गोळ्याही जपून द्याव्या लागतात आणि तीव्र प्रकाशाचा उपचारही. तसं काही नव्हतं. नैराश्याची गोळी सुरू झाली. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे सुनेला समजावलं, कारण आठवड्याने काही फरक नाही म्हणून गोळ्या बंद करणारी घरं मी खूप बघते.

नवरा नाराज होता. "सुर्व्या दिसना नाय म्हणान औषध? आमच्या आवशीन खंय घेतल्यान औषध?" या प्रश्नाला उत्तर देणं गरजेचं होतं, कारण तो मनापासून विचारत होता. त्यांच्या आईच्या घरावर कौलं होती, काचेचं कौल होतं, झापं होती. पावसात ती खोळ घेऊन लावणीला दिवसभर बाहेर असायची. हे सांगितल्यावर ते गप्प झाले. पटलं की नाही ते कळलं नाही, पण गोळ्यांना आडवे आले नाहीत.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात, ज्यांचं काम मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देणं हे आहे. सकाळचा उजेड पोचला की घड्याळ जागेवर येतं, रात्रीची झोप वेळेवर लागते. काळोख्या घरात ही वर्दी फिकी पडते. त्यात संध्याकाळी ट्यूबलाइट आणि मोबाइल, म्हणजे दिवस आणि रात्र यांतला फरकच पुसला जातो. लोक म्हणतात, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, झालं. ते जीवनसत्त्व उन्हाने कातडीत तयार होतं, तो मार्ग वेगळा. घड्याळाला लागतो तो डोळ्यातून जाणारा उजेड. ऊन नसलं तरी तो मिळतो. लख्ख उन्हात उजेड 1,00,000 लक्सपर्यंत जातो, घरातल्या दिव्याखाली शंभर ते तीनशे, आणि भरून आलेल्या आभाळाखाली, उघड्यावर, काही हजार. मोबाइलवरचं उजेड मोजायचं ॲप काही काटेकोर नसतं, पण अंदाज देतं. काकींच्या माजघरात आकडा तीसच्या आसपास रेंगाळत होता. पडवीच्या कडेला नऊशेच्या पुढे गेला. बारीक पावसात खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहून धरला तर सहा हजार. सुनेने स्वतः दोनदा आत-बाहेर करून बघितलं.

परदेशातला तो दिवा मागवावा का, असं मुलाने विचारलं. मी नको म्हटलं. तो महाग पडतो, आमच्याकडे जुलैत वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, आणि दहा पावलांवर खळ्यात फुकटचे हजारो लक्स पडलेत.

म्हणून पहिलं काम ठरलं ते एवढंच: सकाळी सात वाजता उठवायचं, चहा माजघरात द्यायचा नाही, पडवीच्या पूर्वेच्या टोकाला द्यायचा. तासभर तिथे. आभाळाकडे तोंड. दुसरं काही करायचं नाही, बोलायचंही नाही. उठणं हेच पहिले आठवडाभर मोठं काम होतं. सून दोन वेळा हाका मारून परत जायची आणि तिसऱ्यांदा हाताला धरून आणायची. पुढच्या टप्प्यात चालणं आलं, तेव्हा छत्रीचा प्रश्न निघाला. काळी छत्री डोक्यावर धरली की वरचा उजेड तीच अडवते. काकींनीच तोड काढली: खोळ. प्लॅस्टिकची खोळ घेतली की डोकं-पाठ झाकते, तोंड उघडं राहतं. लावणीच्या बायकांसारखी खोळ घेऊन काकी वाडीच्या टोकाच्या विहिरीपर्यंत जाऊन यायला लागल्या.

दुसरा धागा कामाचा. नैराश्यात माणूस म्हणतो, बरं वाटलं की करीन. उपचारात हा क्रम उलटवतात: आधी थोडं करायचं, मग थोडं बरं वाटतं. गोव्यात संगत या संस्थेने याच पद्धतीवर एक कार्यक्रम बसवला. साध्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी सहा ते आठ भेटींत समुपदेशन. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सुमारे 500 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड मिळालेल्यांची प्रकृती जास्त सुधारली. आमच्या शेजारच्या किनाऱ्यावर, आमच्यासारख्याच माणसांवर सिद्ध झालेली ही गोष्ट आहे, म्हणून माझा तिच्यावर फार भरवसा आहे.

काकींच्या बाबतीत "थोडं काम" म्हणजे काय हे शोधायला मात्र वेळ लागला. मी आधी भजन, बचत गटाची बैठक अशी नावं घेत होते, त्या मान हलवत नव्हत्या. मग त्यांना विचारलं, बाजार बंद झाला की नेमकं काय जातं? पैसे म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तोंड बंद होता." बाजारात त्यांची जागा ठरलेली आहे, डावीकडची आणि उजवीकडची बाई ठरलेली आहे, पहाटेपासून दुपारपर्यंत अखंड बोलणं, भांडणं, घासाघीस, हसणं. जून उजाडला की हे एका दिवसात तुटतं, आणि ज्या बाईशी वर्षभर खांद्याला खांदा लावून बसलो ती दुसऱ्या वाडीत तिच्या काळोख्या घरात. एका फोनवर हे काम सुरू झालं. उजवीकडच्या बाईला काकींनी फोन लावला, पहिल्यांदा दोन मिनिटं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती बाई सुकी सुंगटं आणि खारे बांगडे घेऊन आठवड्याच्या बाजाराला निघाली आणि काकींना बळेच बरोबर घेऊन गेली. त्या दिवशी काकींनी स्वतः काही विकलं नाही, नुसत्या बाजूला बसल्या. घरी आल्यावर मात्र सुनेला एका गिऱ्हाइकाचा किस्सा सांगितला. सुनेने मला लगेच फोन करून कळवलं, तेव्हा तिचा आवाज मला अजून आठवतो.

2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती. तोवर गुण 17 वरून 11 वर आले होते. शेजारीण म्हणाली, बघा, चवथीक बरी झाली. त्यात तथ्य आहेच. दरवर्षीही त्या चवथीला सुधारत होत्या. म्हणून 2024 वरून मी काही निष्कर्ष काढत नाही. खरी परीक्षा पुढच्या जूनची होती.

तिची तयारी फेब्रुवारीपासून ठेवली. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायचा निर्णय घेतला, कारण सलग चार पावसाळे आजार आलेला होता. मुलाने मान्य केलं की माजघरावरचा एक पत्रा काढून तिथे पारदर्शक फायबरचा पत्रा घालायचा आणि ताडपत्री फक्त पश्चिमेला ठेवायची, दक्षिणेची बाजू मोकळी. हप्त्याबद्दल गटाच्या बैठकीत मी स्वतः बोलले: एप्रिल-मेमध्ये हंगाम चांगला असतो, तेव्हा दीडपट भरून घ्या आणि जून-जुलै सोडा. माझ्या मते या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं औषध होतं. ज्या महिन्यात कायद्यानेच कमाई बंद असते त्या महिन्यात मच्छीमार बाईकडून पूर्ण हप्ता मागणं, ही रचनाच माणसाला खाली दाबणारी आहे, आणि त्यावर गोळी नाही. गटाने जुलैचा हप्ता पुढे-मागे करायला संमती दिली, जूनचा नाही.

आणि मग पाऊस आधी आला. 2025 मध्ये मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत पोचला, आणि त्याआधीच्या आठवड्यापासूनच कोसळत होता. समुद्र खवळला, होड्या बंदीच्या आधीच वर घ्याव्या लागल्या. मेअखेरीला करायची कामं राहून गेली: वाळत घातलेली सुकी मासळी भिजली आणि बरीच फुकट गेली, फायबरचा पत्रा आणून भिंतीला टेकवलेला तसाच राहिला. कोण चढणार त्या पावसात? काकींची झोप जूनच्या पहिल्याच आठवड्यात वाढली. सुनेने ती खूण ओळखली, चवथीची वाट बघत बसली नाही, तिसऱ्या दिवशी केंद्रात घेऊन आली. पावसाने उसंत घेतली त्या दिवशी मुलाने पत्रा बसवला. काकींनी पडवीतला चहा आणि खोळ सुरू केली, या वेळी हाताला धरायची वेळ आली नाही. सुकी मासळी गेल्यामुळे विकायला काही नव्हतं, तर बाजारातल्या त्या शेजारणीबरोबर टाकळा आणि कुर्ल्या घेऊन बसल्या. कमाई किरकोळ झाली.

2025 च्या जुलैच्या मध्याला गुण 9 होते. गेल्या वर्षी याच सुमाराला 17. पूर्ण बऱ्या नव्हत्या. जूनचा हप्ता भरताना गळ्यातलं मंगळसूत्र गहाण पडलं, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. त्या काळात त्यांनी दोनदा आंघोळ चुकवली, फोन उचलले नाहीत. पण "जाग इली नाय तरी चलात" हा विचार परत आला का, असं मी प्रत्येक भेटीत विचारलं, आणि उत्तर प्रत्येक वेळी नाही असं होतं. गोळीने, लोहाने, पत्र्याने, खोळीने की बाजाराने, कशाने किती फरक पडला हे एका माणसावरून सांगता येत नाही. मी हे सगळं एकत्र केलं आणि पुन्हा वेळ आली तर एकत्रच करीन.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या खुणा काकींच्या सुनेकडून घेण्यासारख्या आहेत. तिने रडण्याकडे किंवा उदास चेहऱ्याकडे बघितलं नाही; तिने उठायची वेळ, नातवाची पिशवी आणि आंघोळ या तीन गोष्टींवर नजर ठेवली. पावसात थोडं मंदावणं सगळ्यांचंच होतं. पण रोजचं काम सुटायला लागलं, सलग दोन आठवडे टिकलं, किंवा मरणाचा उल्लेख झाला, तर चवथीपर्यंत थांबू नये. जवळ कोणी नसेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

काही गोष्टी बाकी आहेत. चुलीवरचा पत्रा अजून तसाच आहे, तिथला काळोख जायला दुसरा फायबरचा पत्रा लागेल. जूनच्या हप्त्याबद्दल गटाशी पुन्हा बोलायचं आहे. 2025 च्या अनुभवानंतर सगळी तयारी मेऐवजी एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवायची असं मुलाशी ठरलं आहे. आणि नवऱ्याचा प्रश्न तसाच आहे. बंदीच्या दोन महिन्यांत त्यांचं पिणं वाढतं, ते स्वतः मान्य करतात, पण केंद्रात यायला तयार नाहीत. काकींनी मला सांगितलंय, यंदा शिमग्याच्या सुमाराला घरी या, तेव्हा ते खुशीत असतात, तेव्हाच बोला.